बी पंपावर चहाचे ग्लास

वाचक विचारतात, कळव्याचे काका सांगतात

मागच्या अंकात ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांच्या बंद पडलेल्या चिमण्यांबद्दल मी सहज दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीगच आला. काहींना वाटलं काका रिटायर झाल्यापासून उदास झालेत, बाकीच्यांनी सरळच विचारलं की हे कारखाने, वीज, लोकल, मोबाईल असलं सगळं जग आता उतरणीला लागलंय का आणि लागलं असेल तर ते ओळखायचं कसं. म्हणून या वेळी गुडघेदुखी आणि बाल्कनीतली कबुतरं बाजूला ठेवलीयेत, कबुतरवाल्यांनी रागावू नये, पुढच्या महिन्यात नक्की घेतो.

प्रश्न: काका, मी ऐरोलीला आयटीत आहे, वय २८. सहा महिने झाले रात्री झोपताना ते जग कोसळणार वाले व्हिडिओ बघतो. एकात सांगितलं की २०४० ला इंडस्ट्रियल सोसायटी संपणार, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने कॉम्प्युटरवर कधीच काढून ठेवलंय. बायको म्हणते फोन ठेव आणि झोप. मी मुरबाडला दहा गुंठे बघतोय, भाजीपाला लावायला, म्हणजे वेळ आलीच तर जाऊन राहता येईल. घराचा हप्ता चालू आहे. घेऊ का?

उत्तर: बायको बरोबर बोलतेय. माझा मुलगा तुझ्याएवढाच आहे म्हणून अरे-तुरे करतो, चालवून घे.

एमआयटीची गोष्ट खोटी नाही, पण व्हिडिओवाल्याने अर्धीच सांगितली. १९७२ साली क्लब ऑफ रोम म्हणून एक मंडळ होतं, त्यांच्यासाठी एमआयटीतल्या एका टीमने कॉम्प्युटरवर जगाचं मॉडेल केलं. त्यात मोठ्या पाच गोष्टी धरल्या, लोकसंख्या, अन्न, कारखान्यांचं उत्पादन, प्रदूषण आणि जमिनीतून उपसायचा माल म्हणजे तेल कोळसा धातू वगैरे. मग आकडे बदलून बदलून ते पुन्हा पुन्हा चालवलं. आहे तसंच चालू दिलं तर एकविसाव्या शतकात कधीतरी उत्पादन शिखरावर जातं आणि मग खाली येतं, मागोमाग लोकसंख्याही, असं त्या आलेखात दिसलं. काही वेळा आकडे बदलल्यावर गाडी नीट सपाटीला पण लागली, ते कुणी सांगत नाही. नेमकं साल सांगायला त्यांनी ते केलंच नव्हतं, वळण कसं येतं ते दाखवायला केलं होतं. पण वळणाला व्ह्यूज मिळत नाहीत, सालाला मिळतात.

आणि ते खाली का येतं ते समजून घे, कारण गंमत तिथे आहे. तेल काय एका मंगळवारी संपत नाही. सोपा माल आधी निघतो, मग खोलवरचा, मग समुद्रातला, मग हलक्या प्रतीचा, म्हणजे तेवढाच माल काढायला दरवर्षी जास्त यंत्रं जास्त वीज जास्त पैसा तिकडेच ओतावा लागतो आणि मग बाकीच्या गोष्टींच्या डागडुजीला हातात काही उरत नाही. तू हप्ता भरतोस ना, आणि बाथरूममधलं लिकेज पुढच्या दिवाळीला बघू म्हणतोस ना, तेच, जगाच्या मापात.

मुरबाडचं. आधी हे सांग, तुझ्या घरात कुणाच्या नावावर सातबारा आहे का? शेतजमीन घ्यायला आपल्याकडे शेतकरी असावं लागतं, एजंट काय वाट्टेल ते सांगतो. समजा आहे. तर दहा गुंठ्यात वांगी टोमॅटो येतील मस्त, पण विहिरीवरची मोटार विजेवर, ती जळाली की रिवाइंडिंगला तांब्याची तार, टोमॅटोवर मारायचं औषध कारखान्यातलं, आणि युरिया तर नैसर्गिक वायूपासून बनतो, आपल्या अलिबागजवळ थळला बनतो तो तसाच. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या ताटात जे नायट्रोजन येतं ते असं कारखान्यात हवेतून पकडलेलं आहे. म्हणजे तू पळून जाशील ते त्याच कारखान्याच्या मागच्या गेटला. हौस असेल तर घे बाबा, शनिवार-रविवार मुलं मातीत खेळतील. लपायची जागा म्हणून कर्ज काढून घेऊ नको.

प्रश्न: मी चरईत राहते, निवृत्त शिक्षिका आहे. पेपरात रोज काहीतरी भयंकर असतं, त्यामुळे खरं लक्षण कुठलं आणि नुसती बातमी कुठली हेच कळेनासं झालंय. महागाई हे ऱ्हासाचं लक्षण मानायचं का? तुम्ही कारखान्यात आयुष्य काढलंत, तुम्ही कशावरून ओळखाल?

उत्तर: बाई, महागाई आपण लहान होतो तेव्हाही होती, रॉकेलच्या रांगेत मी डबा घेऊन उभा राहिलोय. महागाईवरून मी नाही ओळखणार. मी कशावरून ओळखतो ते सांगायला एका पंपाची गोष्ट सांगावी लागेल, जरा लांब आहे.

आमच्या कंपनीत (नाव नको, आता तिथे काचेची बिल्डिंग आहे) कूलिंग वॉटरचे दोन पंप होते, ए आणि बी. एक चालणार, दुसरा तयार उभा, दर सोमवारी अदलाबदल. एकदा ए चा मेकॅनिकल सील गेला, म्हणजे शाफ्टच्या बाजूने पाणी बाहेर येऊ नये म्हणून असतो तो. स्टोअरला गेलो तर सील नाही, पर्चेसवाले म्हणाले बजेट नाही, पुढच्या क्वार्टरला बघू. प्लांट तर चालू पाहिजे. मग आम्ही काय केलं, बी चा सील काढला आणि ए ला बसवला. दीड तासात काम, मॅनेजर खूश, आम्हाला वडापाव. दोन महिन्यांनी ए चं बेअरिंग ओरडायला लागलं, ते पण बी चं काढलं. मग कपलिंग. मग एके दिवशी इम्पेलरसुद्धा, म्हणजे पंपाच्या आतला पाणी फेकणारा पंखा. वर्षभरात बी म्हणजे बिडाचा नुसता डबा उरला, त्याच्यावर बरी सपाट जागा असते, तिथे आम्ही चहाचे ग्लास ठेवायला लागलो. लॉगबुकात मात्र प्रत्येक शिफ्टला लिहायचं, पंप बी, स्टँडबाय. मीही लिहिलंय, माझ्या सहीने.

अशी तीन वर्षं गेली आणि गंमत बघा, त्या तीन वर्षांत प्रॉडक्शन वाढलं, बोनस चांगला मिळाला, बाहेरून बघणाऱ्याला कंपनी एकदम जोरात. मग एका मे महिन्यात रात्रपाळीला ए चा शाफ्टच तुटला. अकरा दिवस प्लांट बंद, त्या अकरा दिवसांत जी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली ती परत आली नाहीत, आणि दोन वर्षांनी गेटला टाळं. जुने लोक भेटले की म्हणतात कंपनी त्या शाफ्टने बुडवली. बिचारा शाफ्ट. बी वर पहिला ग्लास ठेवला तेव्हा मी तिथेच होतो.

आमचाच एक फिटर होता, सगळे त्याला मामा म्हणायचे, मालवणकडचा. तो मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, हे अजून पंधरा दिवस जाईल. चौदाव्या नाहीतर सोळाव्या दिवशी जायचं. नंतर शिकाऊ मुलं घेणं बंद झालं, खर्च कमी करायचा होता ना, आणि मामा रिटायर झाला. त्याच्या जागी व्हायब्रेशन मोजायचं चांगलं मशीन आलं, खोटं का बोलू, मशीन उत्तमच होतं, पण त्याचे आकडे बघून काय करायचं हे मामाला विचारावं लागायचं आणि मामा मालवणला.

हसू नका, असं अमेरिकेतही झालंय आणि ते पण अणुबॉम्बच्या कारखान्यात. फॉगबँक नावाचा एक पदार्थ ते १९८९ पर्यंत बनवायचे, मग बंद केलं. पुढे जुन्या बॉम्बच्या डागडुजीला तो परत लागला तेव्हा लक्षात आलं की कारखाना राहिला नाही, नोंदी अपुऱ्या, आणि ज्यांना येत होतं ते बहुतेक घरी बसलेत. शिकण्यात कित्येक वर्षं आणि कोट्यवधी डॉलर गेले. त्यातही मजा अशी की जुन्या पद्धतीत नकळत एक अशुद्धी राहायची आणि तीच नेमकी कामाची होती, नव्या हुशार लोकांनी माल जास्त शुद्ध केला आणि गाडी अडली. आमचा मामा असता तर म्हणाला असता, तरी सांगत होतो.

तर बाई, मी हे बघतो. राखीव ठेवलेलं खाल्लं जातंय का. पाइपची गळती थांबवायला टेंपररी म्हणून बसवलेल्या क्लॅम्पला पेंट मारलाय का, आणि किती थर (आमच्याकडे एकाला तीन होते, तीन वेगळ्या रंगांचे). एखादी गोष्ट बिघडली तर दुरुस्तीला पूर्वीपेक्षा जास्त दिवस लागतायत का आणि ज्याला येतं त्याच्या हाताखाली कुणी शिकतंय का. आणि लॉगबुकात खरं लिहितायत का, हे मी सगळ्यात शेवटी लिहिलं पण बघताना सगळ्यात आधी बघतो. बिघाड होणं हे लक्षणच नाही, बिघाड रोज होतात.

प्रश्न: घोडबंदर रोडला बावीसाव्या मजल्यावर राहते. १२ ऑक्टोबर २०२० ला लाईट गेली होती आठवतं का? लिफ्ट बंद, थोड्या वेळाने नळाचं पाणी बंद, मुलाचा ऑनलाईन क्लास बंद, सासूबाईंचं नेब्युलायझर बंद. तेव्हापासून लाईट गेली की पोटात गोळा येतो. एक दिवस ती येणारच नाही असं होऊ शकतं का?

उत्तर: आठवतं म्हणजे काय ताई, आमच्या कळव्याचं नाव त्या दिवशी देशभर टीव्हीवर होतं. लोक मला फोन करून विचारत होते काय केलंत हो तुम्ही.

झालं असं की मुंबई, ठाणे, नवी मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या मोठ्या ४०० केव्हीच्या लाईन मोजक्याच, त्यातल्या काही आधीच बंद होत्या. सकाळी दहाच्या सुमारास पडघा-कळवा बाजूला उरलेल्या पण गेल्या. एक लाईन गेली की तिचा भार दुसरीवर, दुसरीला तो झेपत नाही म्हणून ती स्वतःला वाचवायला बंद होते, मग तिसरी. मुंबईत आतल्या आत वीज बनवून शहर वेगळं काढायची सोय आहे, तिला आयलंडिंग म्हणतात, म्हणजे पूर आला की घरातलं सामान माळ्यावर टाकतो तसं, पण त्या दिवशी आत तेवढी वीज बनतच नव्हती त्यामुळे ती सोय पण बसली. लोकल ट्रॅकवर उभ्या. दुपारनंतर हळूहळू आली.

आता तुमचा पोटातला गोळा. माझ्या मते लाईट गेली यात फार घाबरण्यासारखं नाही. २०१२ ला ३१ जुलैला उत्तर आणि पूर्व भारतातल्या साठ कोटींवर लोकांची गेली होती, २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल पूर्ण अंधारात गेले, टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत अख्खं ग्रिड कोसळायला साडेचार मिनिटं राहिली होती आणि कंट्रोल रूमवाल्यांनी लाखो घरं मुद्दाम बंद करून ते वाचवलं. विचारायचं ते हे की किती तासात आली, कारण शोधलं का, आणि बी पंप भरला का. इथे भरला, थोडा उशिराने का होईना, खारघर-विक्रोळी ४०० केव्हीची नवीन लाईन २०२३ ला सुरू झाली. म्हणून मी २०२० ला ऱ्हास म्हणत नाही. उद्या तोच बिघाड तिसऱ्यांदा झाला आणि चौकशीचा कागदसुद्धा निघाला नाही तर म्हणेन.

उलट त्याच वर्षीची दुसरी गोष्ट कुणाला आठवत नाही कारण तेव्हा काही झालंच नाही. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं सगळ्यांनी दिवे बंद करून पणत्या लावायच्या. ग्रिडमध्ये वीज साठत नाही, जेवढी लागते तेवढीच त्या सेकंदाला बनवायची, नाहीतर पन्नास हर्ट्झची फ्रिक्वेन्सी वर जाते किंवा खाली पडते. अंदाज होता बारा-तेरा हजार मेगावॅट मागणी उतरेल, उतरली ३१ हजारांवर, काही मिनिटांत. आणि काही झालं नाही. देशभरातल्या जलविद्युत केंद्रांवर माणसं आधीपासून तयार बसली होती, त्यांनी उत्पादन झपकन खाली आणलं, मग झपकन वर नेलं. कुठे किती वीज सोडायची ते सांभाळणारं राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर आपल्या ऐरोलीला आहे, मी तिथल्या रस्त्याने जाताना अजून त्या बिल्डिंगकडे बघतो. असले मामा जोवर ड्युटीवर आहेत तोवर लाईट येत राहील.

सासूबाईंच्या मशीनसाठी मात्र छोटा इन्व्हर्टर घ्या, त्यात चालढकल नको.

प्रश्न: काका तुम्ही जुन्या जमान्याचे आहात, राग मानू नका. आता एआय आहे, सोलार आहे, सगळ्याला टेक्नॉलॉजी उत्तर काढते. लोकसंख्या वाढेल आणि अन्न पुरणार नाही म्हणणाऱ्या माल्थसपासून लोक बोंबलतायत, काही झालं का? (खारघर)

उत्तर: राग कसला, माल्थस चुकला हे खरंच आहे, आणि माझ्या गच्चीवर तीन वर्षांपासून सोलार आहे.

फक्त एक बघ. टेक्नॉलॉजी जितकी भारी तितकी ती बनवणारी दुकानं कमी. सगळ्यात प्रगत चिप ज्या मशीनने छापतात ती ईयूव्ही मशीनं जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल, आणि तसल्या बहुतेक चिप्स तैवानमध्ये बनतात. तिथे बी पंप कुठाय? २०२१ च्या ऑक्टोबरात चीनने युरियाच्या निर्यातीला लगाम घातला तर दक्षिण कोरियात डिझेलचे ट्रक थांबायची वेळ आली, कारण नवीन डिझेल इंजिनाला धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं आणि ते जवळपास सगळं चीनवरून यायचं. एवढा सॅमसंग-ह्युंदाईचा देश, त्याने युरियाचं पाणी आणायला लष्कराचं विमान ऑस्ट्रेलियाला पाठवलं. युरिया! जे आपल्याकडे बैलगाडीत टाकून नेतात. त्याच वर्षी मार्चमध्ये एक जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, सहा दिवस, तर न्हावा शेवाला कंटेनरवाले डोक्याला हात लावून बसलेले मी बघितलेत.

सोलारवाल्या मुलालाही मी विचारलं, इन्व्हर्टरचं कार्ड गेलं तर? म्हणाला अंकल बोर्ड चेंज. रिपेअर? अंकल रिपेअर कोण करतो.

प्रश्न: काका मी नववीत आहे नेरुळला. आम्हाला हडप्पा शिकवताना टीचरनी सांगितलं की ती शहरं संपली. तर तिथल्या लोकांना कळलं असेल का की आपण संपतोय? आणि महाराष्ट्रात असं काही झालं होतं का?

उत्तर: बाळा, या महिन्यातला सगळ्यात भारी प्रश्न तुझा.

झालं होतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून पंधराएक वर्षं तिथे खणलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांचं मोठं गाव होतं, नीट चौकोनी घरं, रंगवलेली सुंदर लाल भांडी, धान्याचं कोठार, आणि नदीचं पाणी वळवायला त्यांनी पाट काढला होता, बांध घातला होता. मग साधारण इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे काय दिसतं, तर चौकोनी घरं जाऊन लहान लहान गोल झोपड्या, भांडी ओबडधोबड, शेती कमी आणि शिकार, शेळ्या-मेंढ्या जास्त. बरेच अभ्यासक म्हणतात पाऊस कमी होत गेला. आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास गाव रिकामं.

आता हिशोब कर, १००० ते ७०० म्हणजे तीनशे वर्षं, दहा-बारा पिढ्या. गोल झोपडीत जन्मलेल्या मुलीला तिच्या आजीचं घरही गोलच आठवणार. चौकोनी घराची गोष्ट कुणीतरी सांगत असेल आणि ती म्हणत असेल, काहीही काय आजी. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मला वाटतं नसेल कळलं. रोममध्येही तसंच, भरात असताना दहा लाखांचं शहर होतं म्हणतात, ५३७ साली वेढा पडला तेव्हा शत्रूने पाणी आणणारे कालवे तोडले, आणि पुढे लोकसंख्या काही हजारांत आली. त्या पडक्या कमानींखाली मेंढरं चारणारा पोरगा कालवा म्हणजे काय हे विसरला असेल.

सुट्टीत आईबाबांना घेऊन पुण्याला डेक्कन कॉलेजचं म्युझियम बघून ये.

प्रश्न: सासरे ठाणे-बेलापूर रोडच्या एका कंपनीत ऑपरेटर होते, ९८ ला हातात व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) चेक देऊन घरी पाठवलं. आता पंच्याहत्तरी पार केलीय. तुमची मागची ओळ मी त्यांना वाचून दाखवली तर म्हणाले, त्याला सांग तुमचा ऱ्हास व्हायचाय, आमचा होऊन गेला. हे असं का म्हणाले? (दिघा)

उत्तर: सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. बरोबर म्हणाले.

आपला ठाणे जिल्हा या बाबतीत देशाच्या आधी आहे. कारखान्यांचं युग आपल्याकडे आलं ते रुळावरून, १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून चौदा डबे निघाले ते ठाण्यालाच आले. एमआयडीसी १९६२ ला झाली, तिची पहिली वसाहत आपलं वागळे इस्टेट. मग बेलापूर रोडची केमिकलवाली पट्टी. आणि उतरती कळाही आधी आपल्यालाच. तिकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला, दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. इकडे नव्वदच्या दशकात एकेक भोंगा बंद.

पण तेव्हा देशाचं उत्पादन घटलं का? नाही, वाढलं. कारखाने गुजरातला गेले, चीनला गेले, मशीनं नवीन आली, माणसं कमी लागली. म्हणजे आलेखातली रेघ वर जात होती आणि तुमचे सासरे खाली येत होते, दोन्ही एकाच वेळी. म्हणून मला ते 'समाज कोसळणार' हे वाक्यच जरा खटकतं, कुणाचा समाज? आमच्या गेटवर शिफ्ट सुटली की सायकलींची रांग लागायची, गजरेवाली, भजीवाला, लॉटरीवाला, सगळ्यांचा धंदा त्यावर. आज रबाळे-महापे-ऐरोलीला डेटा सेंटर उभी राहतायत, वीज खातात आमच्या कंपनीसारखीच, पण आत माणसं किती ते गेटवरच्या टपरीवाल्याला विचारा.

श्रीलंकेत २०२२ ला बघितलंत ना, पेट्रोल नाही, बारा-तेरा तास लाईट नाही, आणि कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. कागदाअभावी परीक्षा. पण तिथेही ज्यांची मुलं बाहेर होती त्यांना डॉलर येत होते. आणि देश सावरला तो बाहेरून कर्ज मिळालं म्हणून, नाणेनिधीचं वगैरे. सगळ्यांचं एकदम बिघडलं तर बाहेर कोण उरणार, हा प्रश्न मला कधी कधी रात्री तीनला जाग आली की पडतो, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, मग मी उठून पाणी पितो आणि परत झोपतो.

सासऱ्यांना एकदा माझ्याकडे घेऊन या. कुठल्या प्लांटला होते ते विचारायचंय, ओळखी निघतील.

प्रश्न: मी वाशीतल्या एका जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी. चार बिल्डिंगा, सिडकोच्या काळातल्या. एवढं सगळं वाचून आम्ही करायचं काय ते सांगा, जगाचं आम्हाला जमणार नाही.

उत्तर: जगाचं मलाही जमत नाही सेक्रेटरीसाहेब.

तुम्हा नवी मुंबईकरांचं नशीब म्हणजे मोरबे धरण पालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे, आम्ही ठाणेकर चार ठिकाणचं पाणी गोळा करून पितो. पण धरणातून तुमच्या टाकीपर्यंत आलं तरी टाकीतून वर न्यायला पंप तुमचाच. तर आधी खाली जा आणि दुसरा पंप चालू करून बघा. आत्ता, हे वाचून झालं की. बटण दाबायचं आणि पाच मिनिटं उभं राहायचं. नुसता गुरगुरला आणि फिरला नाही तर समजा तुमच्याकडे पण चहाचे ग्लास ठेवायची सोय झालीय. जनरेटर असेल तर महिन्यातून एकदा लोड देऊन चालवा, रिकामा चालवून उपयोग नाही, आणि डिझेल किती जुनं आहे बघा. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे, लोकांना गोड बोलून पेव्हर ब्लॉक आणि गेटच्या कमानीवर घालवू नका, भांडण झालं तरी चालेल.

आणि एक महत्त्वाचं. जुन्या सोसायटीत पाण्याचे वीस-पंचवीस व्हॉल्व्ह असतात आणि कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा हे फक्त एका माणसाला माहीत असतं, बहुतेक वेळा वॉचमन नाहीतर तो जुना प्लंबर. तो गणपतीला गावी जायच्या आत त्याच्याबरोबर एक चक्कर मारा, सोबत कमिटीतलं एखादं तरुण पोर घ्या, प्रत्येक व्हॉल्व्ह फिरवून बघा, फिरत नसेल तर ग्रीस, आणि शेजारच्या भिंतीवर नंबर टाका. ऑइल पेंटने टाका, चुन्याने टाकलेले आमच्याकडे पहिल्याच पावसात धुऊन गेले होते.